हवेचा नळ

रविवार, २ मार्च

आलो एकदाचे उल्हासनगरात! कराडहून टेम्पो पहाटेच निघाला होता, कॅम्प पाचमध्ये टेकायला दुपारचे दोन वाजले. वाटेत श्रद्धाच्या शिलाई मशीनची दोरी दोनदा सुटली. मागे बसलेल्या मला ड्रायव्हर ओरडून सांगत होता म्हणे. मला काय कप्पाळ ऐकू येणार! उजवा कान पूर्ण गेलेला, डावा कानात घालायच्या मशीनच्या भरवशावर. सहा वर्षं पॉवर प्रेससमोर उभा राहिलो, त्याची ही कमाई. कारखान्याने टाळ्या वाजवून निरोप दिला, त्या टाळ्याही मला धड ऐकू आल्या नाहीत.

खोली झकास आहे. तळाला जुनी लष्करी बराक, तिच्यावर कुणीतरी चढवलेला मजला, आणि त्याच्या डोक्यावर आम्ही. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या जीन्स दिसतात, शेकड्यांनी, सगळ्या एकाच मापाच्या. श्रद्धा म्हणाली, एवढ्या कंबरा असतात तरी कुठे? आणि हसली. दिवाळीत तिची आई गेली, तेव्हापासून ती अशी हसली नव्हती. आमची एसटी घाटात अडकली आणि शेवटचं पाणी तोंडात घालायला तिला पोचता आलं नाही. ते तिच्या मनातून जात नाही. नवी जागा बरी पडेल असं मला वाटतं.

तळमजल्यावर राजाबाई राहतात, एकट्याच. मूळच्या बार्शीकडच्या. चाळीस वर्षं सिंधी शेजारात काढल्यामुळे पाहुण्याला आधी पापड आणि मग पाणी देतात. आम्ही चार पापड खाल्ले. रात्रीचा स्वयंपाक केलाच नाही.

सोमवार, ३ मार्च

कामावर रुजू झालो. अंबरनाथच्या रोहिणीताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, शब्द टाकला होता. ठेकेदाराचं नाव जितेश. मला वाटलं होतं कानाचं कळल्यावर वाटेला लावेल, म्हणून आधीच सांगून टाकलं. तो उलट खूश झाला. म्हणाला, “साईं, टेन्शन मत लो. मला असाच माणूस पाहिजे. पब्लिकची बोंब ऐकून चावीवाला पागल होतो.”

तर मी आता चावीवाला. चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी सळई, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण काढायचं, चावी खाली सोडायची, वॉल्व्ह फिरवायचा, की त्या गल्लीला पाणी. माझ्याकडे नऊ गल्ल्या आहेत. पाणी एक दिवसाआड, विषम तारखेला, दुपारी चारला.

काम शिकवायला महिपतीबाबा आहेत. सत्तरीचे, मूळ बदलापूरच्या पुढच्या डोंगरातले, ठार बहिरे. दोन बहिरे रस्त्यात उभं राहून एकमेकांना ओरडून सांगतात, लोकांची फुकट करमणूक होते. त्यांनी एक गोष्ट मात्र तीन तीनदा बजावली. गल्ल्यांना पाणी सोडण्याआधी नाक्यावरच्या मोठ्या चेंबरमध्ये उतरायचं. दहा पायऱ्यांची शिडी, एक माणूस मावेल एवढीच जागा. तळाशी पितळेचा नळ आहे, त्याला हवेचा नळ म्हणतात. तो उघडायचा आणि पाणी येईपर्यंत बसून राहायचं, म्हणजे लाइनमधली हवा तिथेच निघून जाते. त्यानंतरच गल्ल्या उघडायच्या. आणि, “मशीन कानातून काढ, खिशात टाक, मंग खाली उतर.” हवेच्या दाबाने उरलेला कानही जाईल म्हणाले. मला पटलं.

शुक्रवार, ७ मार्च

चावीवाल्याला मान असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. चहा, पान, “भाऊ, आमच्या गल्लीला पाच मिनिटं जास्त.” कराडात मला कोणी पाच मिनिटं विचारलं नव्हतं.

चेंबरमध्ये आता एकटा उतरतो. एक गंमत तिथे पाहिली. नळातून हवा बाहेर येते, हाताला लागते, थंडगार. पण भिंतीवरची कोळिष्टकं तिच्याबरोबर उडत नाहीत, नळाकडे ओढली जातात. आणि खिशातलं मशीन थरथरतं. महिपतीबाबांना हातवारे करून विचारलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. उद्या ते गावी जाणार, कायमचे. जाताना चावीला हात लावून पाया पडले. म्हणाले, लाइनीला कोणाला मोटार लावू देऊ नको, पाणी नसतं त्या कोरड्या दिवशी तर नाहीच. मी मान डोलावली. गल्लीत घरटी मोटार आहे, मी कोणाकोणाच्या तोंडी लागू? कोरड्या दिवशी लावण्याइतका खुळा कोणी नाही, एवढंच.

बुधवार, १२ मार्च

मोटार आणली. लिहिताना लाज वाटते, पण आणली. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढतच नाही. चावीवाल्याच्या बायकोने खालून हंडे वाहायचे, हे कुठल्या न्यायात बसतं? शिवाय परवा धुळवडीला ताई आणि भावोजी येणार. श्रद्धाने मोटारीला हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, जितेशला कळलं तर मलाच वाहील.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

खूप खेळलो. ताईने श्रद्धाला टाकीजवळ गाठून असा रंग फासला की फक्त दात पांढरे राहिले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, आज चौदा तारीख, पाणी नाही. पिंप तळाला गेलं होतं. अंगावर ओला रंग, डोळे चुरचुरताहेत. मीच म्हटलं, लाव मोटार, लाइनीत उरलेलं असतं तेवढं ओढून घेईल. मीच म्हटलं, हे इथे लिहून ठेवतो.

मोटार कोरडी घरघरत राहिली. पाणी आलं नाही. श्रद्धा नळाशी वाकून बसली होती. मी मशीन काढून ठेवलं होतं, रंगात खराब होईल म्हणून. तिचे ओठ हलताना मात्र पाहिले.

ताई गेल्यावर तिने शांतपणे सांगितलं. नळातून आई बोलली. म्हणाली, श्रद्धे, पाणी देतेस का गं घोटभर? श्रद्धा म्हणाली, हो आई, देते.

मी तिला जवळ घेतलं. मन खेळ करतं असं म्हटलं. तिचं अंग तापलेलं होतं आणि ती पाणी पीत होती.

रविवार, १६ मार्च

पाणी पिते आणि पितच राहते. काल पाणी आलं तर पिंपाशी बसून तांब्यावर तांब्या. तरी ओठ फुटलेत. सकाळी डॉक्टरकडे नेलं. साखर बरोबर, रक्त बरोबर. उन्हाळा आहे, सरबत द्या म्हणाले. सरबत दिलं. तिने पातेलं तोंडाला लावलं.

मोटार काढून पलंगाखाली ढकलली. राजाबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी मोटारीचा आवाज शुक्रवारी ऐकला होता. माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना चढायचा विसरलो. त्या हळू बोलल्या, मला निम्मंच कळलं. या गल्लीत पूर्वी एकाने कोरड्या दिवशी मोटार लावली होती. त्याची बायको नवव्या दिवशी गेली. उचलली तेव्हा तिचं वजन सुपाएवढं होतं.

धुळवडीपासून नववा दिवस म्हणजे बावीस तारीख.

सोमवार, १७ मार्च

ती नळाला कान लावून बसते. तिच्याशी बोललो तर उत्तर उशिरा येतं, आणि त्यात “बाळा” असतं. श्रद्धा मला कधी बाळा म्हणत नाही. माझी सासू म्हणायची.

हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते.

आज चेंबरमध्ये गेलो नाही. ती कोळिष्टकं बघायची हिंमत झाली नाही. गल्ल्या तशाच उघडल्या.

मंगळवार, १८ मार्च

जितेशला चावी परत केली. म्हणालो, दुसरा कोणीतरी बघ. त्याचा चेहरा उतरला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, “साईं, काल गल्ली नंबर चारमध्ये दोन बाया नळाशी बसून रडत होत्या. तू हवा काढली नाहीस ना?” म्हणजे त्याला माहीत होतं. मी त्याची कॉलर धरली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची धरली. तो रडायला लागला. त्याचे वडीलही बहिराच चावीवाला शोधायचे, एवढंच तो सांगू शकला.

मी काही शूरवीर नाही. मला रांगेत साधी ढकलाढकली जमत नाही. श्रद्धाला रिक्षात घातलं आणि सरळ ताईकडे अंबरनाथला आलो. इथली लाइन वेगळी असेल असं वाटलं.

तासाभरात ताईच्या स्वयंपाकघरातला नळ खोकायला लागला. मग न्हाणीतला. ताईला तिच्या सासूबाईंचा आवाज आला, रोहिणी, पाणी दे. सासू जिवंत असतानाही ताई तिला उत्तर देत नव्हती, ती सवय कामाला आली. पण बिल्डिंगमध्ये साठ घरं आहेत. मी पळालो तर मीच ते घेऊन फिरणार.

बुधवार, १९ मार्च

भावोजींची गाडी घेऊन सकाळीच बदलापूरला गेलो, तिथून बारवी धरणाच्या रस्त्याने महिपतीबाबांच्या पाड्यावर. त्यांची सून आवडी मध्ये बसली. मी बोललेलं ती त्यांना हातांनी सांगायची. मी मोटार म्हणालो तेव्हा तिचे हात थांबले. बाबांनी समजून घेतलं आणि कपाळावर मारून घेतलं.

कळलं ते असं. फार पूर्वी लाइन टाकताना मध्ये एक बुजवलेली विहीर लागली. तिला पाणी कधीच लागलेलं नव्हतं. तरी काठावर बसणाऱ्याला आतून कोणीतरी पाणी मागायचं, घरातल्या गेलेल्या माणसाच्या आवाजात. उत्तर दिलं की ते त्या माणसात शिरायचं. पाइप त्या विहिरीतूनच गेले. लाइन भरलेली असली की पाण्याच्या रेट्याने ते मागे दबून राहतं. कोरडी झाली की पाइपांतून चालत येतं. म्हणून पाणी सोडताना त्याला आधी हवेच्या नळाशी आणायचं. तिथे बहिरा बसलेला असतो. ऐकणारं कोणी भेटत नाही, तेवढ्यात मागून पाणी येतं आणि ते परत रेटलं जातं. शहाडला, अंबरनाथला, जिथे जिथे ही लाइन जाते तिथे चावीवाले बहिरेच. दर पाण्याला ही लढाई होते आणि गावाला पत्ता नाही. मला वाटत होतं, आम्हाला दुसरं काम कोणी देत नाही म्हणून हे देतात.

श्रद्धाला सोडवायचा एक उपाय आहे. कोरड्या दिवशी चेंबरमध्ये बसून नळातून तिला एकदा हाक मारायची. ते तिला सोडून ऐकणाऱ्या कानाकडे येतं. बाबांना ते जमणार नाही, त्यांना कानच नाही. माझा डावा आहे. मशीन घालून बसायचं, पाणी येईपर्यंत ऐकत राहायचं, म्हणजे ते परत तिच्याकडे वळणार नाही. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. कसलाही. एक शब्द दिला की ते माझं.

मी विचारलं, ते अंग धरून येतं का? बाबा म्हणाले, “ते सांगायला कोनी वर आलाच नाय.”

मग माझ्याकडे बघून आणखी बोलले. पुरा बहिरा बरा. अर्धा लई वाईट, ऐकू नाय आला तरी हो म्हनतो. खरंच आहे. लोक काय म्हणाले ते परत विचारायची लाज वाटते, म्हणून मी दिवसातून पन्नास वेळा हो म्हणतो.

मी परत येताना बाबा न बोलवता गाडीवर मागे बसले. लाइनीला पाणी सोडणाऱ्या टाकीवरचा मोठा वॉल्व्ह ते फिरवणार. मला भीती वाटते आहे. खूप. श्रद्धाचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं आहे.

गुरुवार, २० मार्च

३.१५ — चेंबरमध्ये. झाकण उघडं ठेवलंय, ऊन खाली येतं. नऊ गल्ल्या बंद. श्रद्धाला परत आणलंय, आमच्या घरचा नळ उघडा. तिच्याजवळ ताई आणि राजाबाई. बाबा टाकीवर. ते साडेतीनला सोडतील, पाणी इथे यायला पंचवीस मिनिटं. आज नळ पूर्ण उघडा ठेवायचा, त्यामुळे पाणी आलं की हे चेंबर भरेल, मिनिटभरात. पाइप गरजायला लागला की वर चढायचं, आधी नाही. तोंडात सुपारी धरलीय. हात मोकळा राहिला तर तोंड चालेल, म्हणून लिहितोय.

३.३१ — मशीन घातलं. नळाला तोंड लावून हाक मारली. श्रद्धा. एकदाच.

३.३४ — काही नाही. आपलाच श्वास.

३.३६ — कोळिष्टकं वळली.

आलं. अगदी तिचा आवाज. अहो, तुम्ही खाली काय करताय?

३.३८ — ताईचा मेसेज. श्रद्धाने डोळे उघडले. अर्धा पेला पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला. खाली ठेवला! चहा मागते आहे.

सुटली. रडू येतंय. आवाज करायचा नाही.

३.४० — अहो, ऐकू येतंय ना? अहो, बोला ना. मोटारीचा राग नाही माझा. मशीन काढून फेकावंसं वाटतं. काढलं तर ते परत तिच्याकडे —

३.४२ — आता माझ्या आजोबांच्या आवाजात. आता परत ती. सुपारी फुटली दातांखाली.

३.४४ — ताईचा मेसेज. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात श्रद्धा घरातून गेली. राजाबाईंना म्हणाली, यांना घेऊन येते. अनवाणीच गेली. तुझ्याकडेच येत असेल.

नको.

३.४६ — सावली पडली. वर कोणीतरी उभं आहे. उन्हामुळे चेहरा दिसत नाही. अहो, वर या. आवाज वरून येतोय का नळातून, कळत नाही. एका कानाने दिशा कधीच कळत नाही मला.

३.४८ — शिडीवर पाय. अनवाणी. नखांत अजून गुलाबी रंग. ती खाली उतरते आहे. मी हाताने जा जा केलं. ती उतरतेच.

पाणी यायला सात मिनिटं. खरी श्रद्धा असेल तर इथे बुडेल. शिडी एकच, मध्ये ती. एवढी अशक्त आहे, तिला धड चढताही — ओरडून सांगितलं तर ती वाचेल. ओरडलो आणि ती नसली तर —

३.५० — पाऊल धरून वर ढकललं. गार आहे. ती हसली. गुदगुल्या होतात म्हणाली.

अशक्त माणूस गार असतोच.

३.५१ — पाइप गरजायला लागला. लवकर. बाबांनी पूर्ण सोडलं असेल.

बोलायचं नाही. लिहून दाखवतो. वही वर धरतो.

श्रद्धा, वर जा. पाणी येतंय. बोलू नको, नुसती वर जा

तिने वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. म्हणते, चष्मा घरी राहिला हो. काय लिहिलंय, वाचून दाखवा ना

चष्म्याशिवाय तिला अक्षर लागत नाही, हे खरं आहे. ती घाईत विसरली असेल, ती नेहमीच विस